आवारभिंतीवरचा लग्नचौक : ठाण्यातील एका गृहसंस्थेचे प्रकरण

पार्श्वभूमी

ठाण्यातील पोखरण रस्ता क्रमांक २ च्या परिसरातील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेने आपल्या रस्त्याकडील आवारभिंतीवर 'भारतीय संस्कृती' या विषयावर चित्रे काढून घ्यावीत, असा ठराव वार्षिक सर्वसाधारण सभेत संमत केला आणि २६ जानेवारीच्या ध्वजवंदनापूर्वी काम पूर्ण करण्याची मुदत घातली. ठरावाला कोणाचाही विरोध नव्हता. भिंतीवर शिकवण्यांच्या आणि पेस्ट कंट्रोलच्या जाहिराती चिकटवल्या जात, कोपऱ्यात पानाच्या पिचकाऱ्या मारल्या जात, आणि चित्रे असलेली भिंत लोक सहसा घाण करत नाहीत असा शहरातील इतर भिंतींचा अनुभव होता. या कामासाठी व्यवस्थापक समितीने जी उपसमिती नेमली तिची मी एक सदस्य होते. त्यामुळे पुढील वर्णन आतून केलेले आहे आणि त्यात माझी मते जागोजाग येतील.

मूळ कल्पना निरनिराळ्या राज्यांच्या लोकचित्रशैलींची रांग मांडण्याची होती : मधुबनी, गोंड, कलमकारी, पट्टचित्र आणि शेवटी महाराष्ट्राची म्हणून वारली. दरपत्रके आली तेव्हा ही कल्पना टिकली नाही. मधुबनीत रेघांच्या आत पुन्हा रेघा भराव्या लागतात, रंग पुष्कळ लागतात आणि वेळही तसाच लागतो. कलमकारी तर भिंतीवर उतरवायला त्याहून अवघड. वारलीला मात्र गेरूचा एक रंग आणि वर पांढरा एवढे पुरे होते, आणि आकृत्या त्रिकोण-वर्तुळांच्या असल्याने पत्र्याचे साचे कापून दोन रंगाऱ्यांकडून काम उरकता येत होते. अशा रीतीने 'भारतीय संस्कृती' या विषयाखाली सबंध भिंत वारलीची करायचे ठरले, आणि ते ठरण्यामागचे खरे कारण चौरस फुटाचा दर हे होते. हे कारण किरकोळ वाटले तरी मी मुद्दाम नोंदवून ठेवते आहे, कारण हॉटेलांच्या भिंती, कुर्ते, पिशव्या आणि उड्डाणपुलांचे खांब या सगळ्यांवर वारलीच का दिसते, याच्या उत्तरात दराचा वाटा पुष्कळ मोठा आहे.

वारली आपल्या जिल्ह्याची कला आहे, असेही सभेत बोलले गेले. ते एका अर्थाने खरे होते. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा हे तालुके १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत ठाणे जिल्ह्यातच होते. परंतु बोलणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर होते ते दूरचे डहाणू. उपवन तलावाच्या वर, येऊरच्या डोंगरात वारल्यांचे पाडे आहेत आणि त्या पाड्यांवरच्या काही बाया रोज सकाळी आमच्याच इमारतींमध्ये स्वयंपाकाला आणि धुण्याभांड्याला येतात, याचा उल्लेख सभेत कोणीही केला नाही.

आराखडा आणि आक्षेप

कंत्राटदाराने इंटरनेटवरून उतरवलेल्या चित्रांचे कागद आणले होते. भिंतीला पुट्टी आणि प्रायमर लावून झाले, वर गेरूच्या रंगाचे दोन हात बसले आणि खडूने आखणी सुरू झाली. मधल्या भागात तारपा नृत्याचे, म्हणजे तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्यावरच्या नाचाचे, मोठे वर्तुळ होते, डावीकडे भातलावणी, उजवीकडे झाडे आणि बैलगाडी. प्रवेशद्वाराला लागून असलेल्या चौकोनी भागात नक्षीदार चौकट आणि तिच्या मध्यभागी एक देवता काढायची होती. ही जागा संस्थेतील एका निवृत्त चित्रकला शिक्षकांनी सुचवली होती, आणि निव्वळ रचनेच्या दृष्टीने ती सूचना योग्य होती : सगळी भिंत आडवी धावत होती आणि प्रवेशद्वारापाशी तिला थोपवणारा एक भक्कम चौकोन हवा होता. त्या चौकोनाच्या समोरच ओल्या-सुक्या कचऱ्याचे मोठे डबे ठेवलेले असतात, ही गोष्ट आराखडा कागदावर असताना कोणाच्या लक्षात येण्यासारखी नव्हती.

आखणी चालू असताना येऊरहून कामाला येणाऱ्या एक बाई तिथे थांबल्या. सगळ्या इमारतीत त्यांना मावशी म्हणतात. त्यांनी खडूच्या रेघा नीट पाहिल्या आणि तिथे उभ्या असलेल्या मला विचारले, "ताई, हा तर लग्नाचा चौक आहे. इथं लग्न कोणाचं आहे?" मी म्हटले, लग्न नाही, नुसते चित्र आहे. त्यावर त्या म्हणाल्या, "चौक नुसता काढत नाहीत. आणि इथं कचऱ्याजवळ तर नाहीच नाही." एवढे बोलून त्या कामाला गेल्या. उपसमितीच्या सांगण्यावरून कंत्राटदाराने त्या भागाचे काम थांबवले आणि त्याच दिवशी संध्याकाळी बैठक बोलावली गेली.

बैठकीतल्या वादाकडे वळण्यापूर्वी चौक म्हणजे काय ते सांगणे आवश्यक आहे. वारल्यांच्या घरी लग्न असते तेव्हा घरातल्या कुडाच्या भिंतीला शेणामातीने सारवून, गेरूने रंगवून, तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या कालवणाने हा चौक लिहिला जातो. लिहितात त्या सवासिनी. त्यांचा कुंचला म्हणजे टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. धवलेरी, म्हणजे लग्नविधी चालवणारी स्त्री, लग्नाची गाणी म्हणते. मधल्या चौकटीत पालघट ही सृजनाची देवी असते, आणि बाजूच्या लहान देवचौकात पंचशिऱ्या देव. चौकाशिवाय लग्न लागले असे धरले जात नाही. लग्नाच्या चौकाचे स्थान हे असे आहे, आणि कंत्राटदाराच्या कागदावर तो 'डिझाइन क्रमांक चार' होता.

कोणाचे म्हणणे काय होते

संस्थेच्या सचिवांचे म्हणणे सरळ होते : भिंत सुशोभित करायची आहे, पूजा मांडायची नाही, एका व्यक्तीच्या आक्षेपावरून काम थांबवले तर उद्या आणखी कोणी बैलगाडीवर आक्षेप घेईल. या म्हणण्यात व्यवहाराचा भाग होता आणि मुदतीची चिंताही खरी होती. पण त्यात विचार करण्याजोगे फारसे नव्हते.

चित्रकला शिक्षकांचे म्हणणे अधिक खोल होते. त्यांच्या मते चित्र एकदा भिंतीवर आले की त्याचा न्याय रेषा, आकार, अवकाश यांच्या परस्परसंबंधांवरूनच करायचा. ते कोठून आले, कशासाठी काढले जात होते, हा इतिहासाचा विषय आहे, सौंदर्याचा नाही. मराठीत या भूमिकेची परंपरा भक्कम आहे. बा. सी. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांवर सौंदर्याची उपपत्ती उभी केली, ती कलेला नीतीच्या, उपयुक्ततेच्या आणि प्रचाराच्या दावणीतून सोडवण्यासाठीच. त्याच्या थोडे आधी फडके आणि खांडेकर यांच्या नावांभोवती कलेसाठी कला की जीवनासाठी कला हा वाद रंगला होता, आणि शाळा-महाविद्यालयांतून तो इतका घोटला गेला की आजही कलेविषयी बोलताना मराठी माणूस नकळत या दोहोंपैकी एका बाजूला जाऊन उभा राहतो. आमच्या बैठकीतही तेच झाले. शिक्षक एका बाजूला होते; आणि दुसऱ्या बाजूला, कला समाजाच्या उपयोगी पडली पाहिजे आणि मुलांना आपल्या संस्कृतीची ओळख भिंतीवरून झाली पाहिजे, असे म्हणणारे पालक होते.

माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की या दोन्ही बाजूंना चौक तिथेच हवा होता. एकीला तो रचनेसाठी हवा होता, दुसरीला संस्कारासाठी. मावशींचा आक्षेप या वादात बसतच नव्हता. चित्र वाईट आहे असे त्या म्हणत नव्हत्या, आणि निरुपयोगी आहे असेही म्हणत नव्हत्या. ही कृती इथे होऊ शकत नाही, असे त्या म्हणत होत्या.

तिसरे म्हणणे संस्थेतील एका प्राध्यापक बाईंचे होते, आणि त्याला उत्तर देणे सर्वांत कठीण होते. त्या म्हणाल्या की वारली चित्रकला हा आता राष्ट्राचा वारसा आहे; वारसा म्हटला की तो सर्व नागरिकांचा होतो, आणि एखाद्या चिन्हावर एकाच समूहाची मालकी मान्य करत गेलो तर राष्ट्रीय संस्कृती असे काही शिल्लकच राहणार नाही, समूहांच्या कुलूपबंद खोल्या तेवढ्या राहतील. राज्यघटनेच्या अनुच्छेद ५१-क मध्ये संमिश्र संस्कृतीच्या वारशाचे जतन हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य म्हटले आहे, याची त्यांनी आठवण करून दिली. मी अनुच्छेद २९ ची आठवण दिली, ज्यात स्वतःची वेगळी संस्कृती असलेल्या नागरिकांच्या कोणत्याही गटाला ती जतन करण्याचा हक्क दिलेला आहे. दोन्ही तरतुदी एकाच घटनेत आहेत, आणि भिंतीवर काय काढायचे ते त्यांतली एकही परस्पर ठरवून देत नाही.

बैठकीत एका तरुण सभासदाने मांडलेला मुद्दा मला विशेष वाटला. पेणच्या कारखान्यात गणपतीच्या शेकडो मूर्ती फळ्यांवर रांगेने ठेवलेल्या असतात, तेव्हा त्या मातीच्या मूर्ती असतात. देवत्व येते ते घरी प्राणप्रतिष्ठा झाल्यावर. मग आपल्या भिंतीवरच्या पालघटाची कोणी प्रतिष्ठा केलेली नसताना तिला केवळ आकृती मानायला हरकत काय? युक्तिवाद चांगला होता, पण दोन ठिकाणी लंगडा होता. पहिले म्हणजे, प्रतिष्ठा न झालेली मूर्तीही आपण कचऱ्याच्या डब्यासमोर मांडत नाही. दुसरे आणि अधिक महत्त्वाचे असे की गणपतीच्या बाबतीत मूर्ती घडवणे आणि तिची प्रतिष्ठा करणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, दोन वेगळ्या माणसांनी दोन वेगळ्या जागी केलेल्या. चौकाच्या बाबतीत हा पदर सुटा करता येत नाही. तिथे लिहिणे हाच विधीचा भाग आहे. लग्न नसताना चौक लिहिणे म्हणजे विधीचा तेवढाच तुकडा उचलून दुसरीकडे करणे होय.

न्याय करण्याचा अधिकार

इथे कलेच्या तत्त्वज्ञानातला एक जुना प्रश्न पुढे येतो : कलाकृतीचा न्याय करण्यास पात्र कोण? काश्मीरचे प्राचीन संस्कृत काव्यशास्त्रज्ञ अभिनवगुप्त यांनी त्यासाठी सहृदयाची, म्हणजे जाणत्या रसिकाची, कल्पना मांडली. रसाचा अनुभव घेणाराचे मन स्वतःच्या लाभहानीतून सुटलेले असावे लागते, आणि काव्याच्या अभ्यासाने ते आरशासारखे स्वच्छ झालेले असावे लागते. पाश्चात्त्य परंपरेत जर्मन तत्त्वज्ञ कांटनेही सौंदर्याच्या निवाड्यात हितसंबंध नसावा असे म्हटले. या विचाराचा अर्थ आपण पुष्कळदा असा लावतो की जो बाहेरचा, तटस्थ, शिक्षित, तोच खरा रसिक. पण अभिनवगुप्तांच्या सहृदयाला अभ्यास लागतो, आणि चौकाचा अभ्यास आमच्या बैठकीत कोणाचाही झालेला नव्हता. लहानपणापासून घरादारांच्या लग्नांत चौक लिहिताना पाहिलेली, धवलेरीची गाणी ऐकलेली आणि त्यामुळे कोणती रेघ कोठे चुकली हे एका नजरेत ओळखणारी एकच व्यक्ती त्या भिंतीसमोर उभी राहिली होती, आणि तिला बैठकीचे निमंत्रण नव्हते.

मराठीतले सौंदर्यमीमांसक रा. भा. पाटणकरांनी सौंदर्यविचाराचे, कलेला रोजच्या जीवनाचाच भाग मानणारा लौकिकतावादी आणि तिला जीवनापासून स्वतंत्र मानणारा अलौकिकतावादी, असे दोन ध्रुव मानले, आणि कोणत्याही एका ध्रुवावर उभे राहून कलाव्यवहाराचे पुरते वर्णन होत नाही अशी भूमिका घेतली. ती भूमिका या प्रकरणात मला सर्वांत उपयोगी पडली. चौक सुंदर आहे, त्याच्या चौकटीतल्या नक्षीत लय आहे, हे शिक्षकांचे म्हणणे मी पूर्णपणे मान्य करते. आणि तरीही त्या लयीला घराची भिंत, लग्नाचा दिवस आणि गाणाऱ्या बायका यांपासून तोडले तर उरते ती चौकाची बाह्यरेषा, हेही तितकेच खरे आहे.

येऊरच्या पाड्यावर

मावशींनाच विचारून उपसमितीतले आम्ही तिघे एका रविवारी त्यांच्या पाड्यावर गेलो. कंत्राटदाराचे कागद सोबत नेले होते. मावशींच्या नात्यातल्या एक वृद्ध आजी, ज्यांनी पूर्वी लग्नांत चौक लिहिलेले होते, त्यांच्यापुढे आम्ही ते कागद ठेवले. चौकाच्या कागदाकडे त्यांनी फारसे पाहिलेही नाही. तारपा नृत्याच्या कागदावर मात्र त्या बराच वेळ थांबल्या.

तारपा नृत्यात हातात हात गुंफलेली माणसांची रांग तारपा वाजवणाराभोवती फिरते, आणि त्या रांगेचे एक टोक मोकळे असते. ती वेटोळे घेत जाते, मिटत नाही, आणि नाचणारे तारपकऱ्याकडे पाठ करत नाहीत. कंत्राटदाराच्या साच्यात ही रांग पूर्ण बंद वर्तुळ झाली होती, आणि आत जागा उरली नाही म्हणून तारपकरी वर्तुळाच्या बाहेर, कोपऱ्यात नेऊन ठेवला होता. आजींनी बोट ठेवून विचारले, "हा बाहेर उभा राहून वाजवतोय कोणासाठी?" आमच्यापैकी कोणालाही ही चूक दिसली नव्हती. चित्रकला शिक्षकांनाही नाही. आणि त्यांनी तिथल्या तिथे हात जोडून ते मान्य केले, हे त्यांच्या मोठेपणाचे आहे. रांग उघडी ठेवली की रचनाही अधिक चांगली होते, नजर टोकावरून आत शिरते आणि वादकापाशी पोचते, असे त्यांनी नंतर रेखाटून दाखवले. रचनेचा नियम आणि नाचाचा नियम इथे एकाच रेषेत आले.

पाड्यावर सगळ्यांचे मत एक होते असे मात्र मुळीच नव्हते. तिथला एक तरुण कॅनव्हासवर आणि कपांवर वारली चित्रे काढून विकतो. त्याच्या मते चौक सोडून बाकी काहीही काढायला हरकत नव्हती, आणि खरा अपमान साच्यातून काढण्यात होता. चित्र आमचे आणि मजुरी दुसऱ्याची, हे त्याला मान्य नव्हते. आजींना पैशांच्या गोष्टीत रस नव्हता. दुसऱ्या एका बाईंना चौकही चालला असता, फक्त कचऱ्यापासून लांब. तांदळाच्या पिठाऐवजी अॅक्रिलिक रंग वापरण्याला मात्र कोणाचीच हरकत नव्हती. पावसात पीठ टिकणार कसे, असे आजींनीच उलट विचारले. अस्सलपणाची आपली कल्पना बहुधा साहित्याशी, रंगाशी, काडीशी जोडलेली असते. त्यांची कल्पना प्रसंगाशी आणि माणसाशी जोडलेली होती.

राष्ट्राने काय घेतले

प्राध्यापक बाईंच्या प्रश्नाकडे आता परत यायला हवे, कारण राष्ट्र आणि लोककला यांचा संबंध आपल्याकडे हेतुपूर्वक घडवला गेला आहे आणि त्यात पुष्कळ चांगले आहे. १९३८ साली हरिपुरा येथील काँग्रेस अधिवेशनासाठी गांधीजींच्या सांगण्यावरून शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनी जी भित्तिफलके रंगवली, त्यांत शिंपी, सुतार, ढोलकीवाले, दळण दळणाऱ्या स्त्रिया अशी साधी माणसे पटचित्रांच्या ठसठशीत रेषेत उभी राहिली, आणि ती रस्त्याने येणाजाणाऱ्यांनी पाहावीत म्हणून उघड्यावर लावली गेली. पुढे राज्यघटनेची हस्तलिखित प्रतही नंदलाल आणि त्यांच्या शिष्यांनी सजवली. स्वातंत्र्यानंतर १९५३-५४ मध्ये संगीत नाटक, साहित्य आणि ललित कला या तीन अकादमी उभ्या राहिल्या. बिहारमधल्या १९६६-६७ च्या दुष्काळात हस्तकला मंडळाच्या वतीने चित्रकार भास्कर कुलकर्णी मधुबनीत गेले आणि भिंतीवर लिहिणाऱ्या स्त्रियांच्या हाती त्यांनी कागद दिला. तेच कुलकर्णी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला डहाणूच्या वारली पाड्यांवर पोचले.

तिथे गंजाडचे जिव्या सोमा म्हसे त्यांना भेटले, आणि जी गोष्ट तोवर सवासिनींची आणि लग्नापुरती होती ती एका पुरुषाच्या हाताने कागदावर आली, रोज काढली जाऊ लागली, तिच्याखाली सही पडली. म्हसे यांनी शेती, मासेमारी, मुंग्यांची रांग, आगगाडी असे काय काय रंगवले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये ते गेले. त्यांनी परंपरा मोडली असे ज्यांना म्हणायचे असेल त्यांनी हेही पाहावे की त्यांच्या मोडण्याचा न्याय करायला त्यांच्याभोवती जाणते लोक होते, आणि ते स्वतः त्यांच्यातलेच एक होते.

२०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशांक मिळाला. त्याने नावाला आणि मूळ प्रदेशाला संरक्षण मिळते. कोणते चित्र कोणत्या भिंतीवर शोभते याविषयी तो काही बोलत नाही. १९५७ चा कॉपीराइट कायदा व्यक्तीच्या निर्मितीला तिच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे जपतो. पिढ्यान्‌पिढ्या सामायिक चालत आलेल्या आकृतिबंधाला त्याच्या चौकटीत जागा मिळत नाही. म्हणजे आमच्या भिंतीवर चौक काढणे हा कोणत्याही कायद्याचा भंग नव्हता. प्रश्न संस्कृतीचा होता, आणि तो कायद्यावर ढकलून मोकळे होता येत नव्हते.

माझे म्हणणे असे आहे. राष्ट्र लोककलेकडून बहुधा आकृती घेते आणि त्या आकृतीचा न्याय करणारा माणूस मागे ठेवते. टपाल तिकिटावर, चित्ररथावर, विमानतळाच्या भिंतीवर वारली माणूस नाचतो, पण ही रांग चुकीची मिटली आहे असे म्हणण्याचा अधिकार असलेली आजी त्या प्रक्रियेत कोठेही नसते. कलेची परंपरा जिवंत आहे याची खूण तिची चित्रे सर्वत्र दिसतात ही नाही. ती चूक-बरोबर करणारे लोक आहेत आणि त्यांच्या शब्दाला वजन आहे, ही ती खूण होय. आमच्या आवारभिंतीवरचा 'भारतीय संस्कृती' हा मथळा, मावशींना दुर्लक्षून काम रेटले असते तर, अगदी अचूक रंगवलेल्या चित्रांखालीही खोटा ठरला असता. वारसा सर्व नागरिकांचा आहे, हे प्राध्यापक बाईंचे म्हणणे मला मान्य आहे. पण मग मावशी आणि आजी त्या नागरिकांतच येतात, आणि या विषयातल्या जाणकार नागरिक त्याच आहेत.

यात एक धोका आहे, आणि तो प्राध्यापक बाईंनी बरोबर हेरला होता. समूहाला नकाराधिकार दिला की त्याचा वापर नव्या कलावंताला गप्प बसवण्यासाठी होऊ शकतो, आणि समूहाच्या नावाने कोण बोलतो हा प्रश्न उरतोच. बहुतेक वेळा मोठ्या आवाजाचे पुरुष बोलतात. म्हणून मी हा अधिकार चौकापुरता, म्हणजे जिथे चित्र हेच धर्मकृत्य आहे तिथपर्यंतच मानते. त्यापलीकडे काय काढायचे हे काढणाराने ठरवावे. ही सीमा मी का आखते ते पुढच्या वादावरून स्पष्ट होईल.

दुसरा वाद

चौक रद्द झाला. साचे परत गेले. पाड्यावरच्या तरुणाला आणि त्याच्यासोबत काम करणाऱ्या दोघींना भिंत रंगवण्याचे काम द्यायचे ठरले, आणि मोबदला चौरस फुटावर न ठेवता दिवसाच्या हिशेबाने ठेवला गेला, कारण शून्य नंबरच्या ब्रशने झाडाची एकेक डहाळी काढणारा हात चौरस फुटाच्या दरात कायम तोट्यात जातो. कंत्राटदाराने खालचा थर आणि परांची बांधणे एवढे काम ठेवले, आणि ते त्याने मनापासून केले.

तरुणाने जी रेखाटने आणली त्यांत उघड्या रांगेचे तारपा नृत्य होते, भातलावणी होती, रात्री पाड्याच्या कडेने जाणारा बिबट्या होता. पण रस्त्याच्या वळणाकडील भागात त्याने आजचे येऊर काढले होते : झाडांमध्ये उठलेले बंगले, शनिवार-रविवारी वर चढणाऱ्या गाड्यांची रांग, ध्वनिवर्धक, आणि या सगळ्याच्या खाली डोक्यावर हंडे घेऊन चाललेल्या बाया. गाड्यांची रांग त्याने मुद्दाम तारपा नृत्याच्या रांगेसारखीच वळवली होती, फक्त तिच्या मध्यभागी वाजवणारा कोणी नव्हता. चित्र म्हणून ते सगळ्या भिंतीतले सर्वांत ताकदीचे होते, याविषयी चित्रकला शिक्षकांचे आणि माझे मत एक होते.

व्यवस्थापक समितीने ते नाकारले. प्रजासत्ताक दिनाच्या निमित्ताने रंगवलेल्या भिंतीवर तक्रार नको, 'संस्कृती' दाखवावी, असे कारण देण्यात आले. संस्कृतीचे रक्षण म्हणून चौकाला विरोध मान्य करणारे काही सभासदच या चित्राविरुद्ध बोलले, आणि त्यांना त्यात विसंगती वाटली नाही. मला ती वाटते. आजींचा शब्द ऐकायचा, कारण ती परंपरा. आणि तिच्याच नातवाच्या पिढीचा शब्द ऐकायचा नाही, कारण तो आज बोलतो आहे. असे केले की आपण वारल्यांना माणसे म्हणून बोलावत नाही, जुन्या काळाचे साक्षीदार म्हणून बोलावतो. हरिपुऱ्याच्या फलकांवरचा शिंपी हा त्या वेळचा, चालू काळातला शिंपी होता. म्हसे यांनी आगगाडी रंगवली तेव्हा ती त्यांच्या शिवारातून जाणारीच आगगाडी होती. राष्ट्राच्या संस्कृतीत लोककलेचे स्थान गतकाळापुरते ठेवणे हा तिचा मान राखणे नाही.

समितीने त्या जागी मोर आणि झाडे काढण्यास सुचवले. तरुणाने शांतपणे सांगितले की तेवढा भाग तो रिकामा सोडेल. दुसरे काही काढायचे असेल तर ते दुसऱ्याकडून काढून घ्यावे. ते कोणीही करून घेतलेले नाही.

निर्णय आणि सद्यस्थिती

२६ जानेवारीच्या ध्वजवंदनाला भिंत अर्धीच झाली होती. त्याबद्दल काही सभासदांनी लेखी नाराजी कळवली. मुदत पाळली गेली नाही हे त्यांचे म्हणणे वस्तुस्थितीला धरून आहे. काम नंतर पूर्ण झाले. चित्रांखाली नाव कोणाचे लिहायचे यावर तिघा चित्रकारांनीच आपसांत बोलून व्यक्तींच्या नावांऐवजी पाड्याचे नाव लिहायचे ठरवले, आणि तसे ते लिहिले आहे. कचऱ्याचे डबे मागच्या फाटकाकडे हलवले गेले. ती मागणी आता कोणाचीच नव्हती, पण एकदा लक्षात आल्यावर ते तिथे ठेवणे कोणालाच बरे वाटेना.

उपसमितीच्या अहवालावरून विशेष सर्वसाधारण सभेने दोन गोष्टी मंजूर केल्या. भिंतीची डागडुजी करताना चित्रांना हात लावायचा असेल तर ज्यांनी ती काढली त्यांनाच बोलवावे आणि त्यासाठी दुरुस्ती निधीतून वेगळी तरतूद ठेवावी. आणि यापुढे संस्थेच्या कोणत्याही उपक्रमात एखाद्या समूहाची कला वापरायची झाल्यास आराखडा मंजूर होण्याआधी त्या समूहातील जाणत्या व्यक्तींना मानधन देऊन बैठकीला बोलवावे. या दुसऱ्या ठरावावर सचिवांनी अनुमोदक म्हणून सही केली आहे.

नाकारलेल्या रेखाटनाचा फेरविचार व्हावा, अशी लेखी मागणी चित्रकला शिक्षक, प्राध्यापक बाई आणि मी मिळून समितीकडे दिली आहे. प्राध्यापक बाईंनी तिला स्वतंत्र टिपण जोडले असून, समूहाच्या नकाराधिकाराला त्यांचा विरोध आजही कायम आहे आणि त्याच तत्त्वाने संस्थेचा नकाराधिकारही त्यांना मान्य नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. मागणी पुढील वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर घेतली जाणार आहे, आणि या वेळी रेखाटन समजावून सांगण्यासाठी ते काढणाऱ्या तरुणालाच सभेला बोलवावे, असे आम्ही त्या अर्जात लिहिले आहे.